जाणारी आणि येणारी गाडी वेगळी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी जाणाऱ्यांसाठी आपण एक चौकट छापली होती. 'मुंबई–न्यूयॉर्क : अंतर १२,५०० किमी, वेळ १४ तास.' त्याखाली लंडन, सिंगापूर, सिडनी. प्रत्येकासमोर एक अंतर आणि एक वेळ. चौकट दिसायला नेटकी होती. पण मी चौतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून, आणि असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो आल्या पावली परत पाठवला असता. जाणारी फेरी आणि येणारी फेरी एकाच रकान्यात कोणी लिहितं का?

एसटीत भाडं टप्प्यावर. सहा किलोमीटरचा एक टप्पा, चढ असो की उतार, पैसे तेवढेच. गाडी मात्र टप्प्यावर चालत नाही, ती रनिंग टाइमवर चालते. नांदुरीपासून सप्तशृंग गडापर्यंतचा घाट दहा-अकरा किलोमीटरचा. वर जाताना भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाते, खाली येताना ब्रेक सांभाळत का होईना लवकर येते. अंतर एकच, पण तक्त्यात दोन वेळा. हे आमच्या नवशिक्या लिपिकालाही पहिल्या आठवड्यात कळायचं.

आकाशात घाट असतो हे मात्र मला वयाच्या सत्तरीत कळलं. २०२३ च्या ऑक्टोबरात सुनेच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. गणपती आटोपले आणि पुढच्या पंधरवड्यात निघालो. मुंबईहून थेट न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कचं विमान, परतीचं तिकीट जानेवारीअखेरचं. तिकिटं काढली ती शहरातल्या एका एजंटाकडून. त्याने दिलेल्या कागदावर जाण्यापुढे आणि येण्यापुढे 'कालावधी १३ तास ५० मिनिटे' असा एकच आकडा होता.

सवय जाता जात नाही. तिथेच काउंटरवर कागद उलटा केला आणि मागे ताळा मांडला. विमान मुंबईहून रात्री १.३० ला सुटणार, न्यूअर्कला सकाळी ७.४५ ला उतरणार. घड्याळाप्रमाणे सव्वासहा तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, ते मिळवले की १५ तास ४५ मिनिटं. मग १३.५० कुठून आले? येताना न्यूअर्कहून सकाळी ११.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११.५० ला मुंबई. म्हणजे २४ तास २० मिनिटं, त्यातून साडेनऊ वजा केले की १४ तास ५० मिनिटं. इथेही १३.५० नाही! पूर्ण एक तास उरतो. एजंटाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, ते कॉम्प्युटरनं काढलेलं आहे." कॉम्प्युटरपुढे कोण बोलणार? मी कागद घडी घालून खिशात ठेवला. पण तो एक तास डोक्यातून जाईना.

विमान न्यूअर्कला टेकलं तेव्हा सौभाग्यवतींनी खिडकीतून उजेड पाहिला, माझ्या मनगटावरचं बदललेलं घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दीडला बसलो, पावणेआठला उतरलो. सहा तासांत अमेरिका होते, मग तुमच्या गाडीनं नागपूरला अख्खी रात्र का लागायची?" पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ मराठीच निघाले, ते जोरात हसले.

आता वाऱ्याच्या घाटाकडे येतो. समोरच्या सीटच्या पाठीला जो छोटा पडदा असतो त्यावर बाकीचे सिनेमे बघत होते. मी जाता-येता नकाशाच लावून ठेवला होता. त्यावर उंची, बाहेरचं तापमान, जमिनीच्या हिशोबाने वेग आणि वारा, सगळं दर थोड्या वेळानं बदलत असतं. जाताना अटलांटिकवर वेग ताशी ७८० च्या आसपास रेंगाळत होता आणि वारा समोरून. येताना त्याच अटलांटिकवर जानेवारीत आकडा १,०९० वर गेला, वारा पाठीमागून १८०. विमानाच्या इंजिनाने काही वेगळं केलं नव्हतं. मोठं विमान हवेतून साधारण ९०० च्या वेगाने जातं, दोन्ही वेळा तेवढंच जात होतं. फरक सगळा वाऱ्याचा.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी ही विमानं जिथून जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात. इंग्रजीत त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे सरकते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि गरम-थंड हवेची जिथे गाठ पडते तिथे हा वारा सर्वांत जोरात. हिवाळ्यात उत्तर जास्त गारठते, तफावत वाढते, म्हणून जोरही वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्या फेरीला सहा-सात तास लागतात. आमच्या भाषेत सांगायचं तर उतारावर न्यूट्रलला टाकल्यासारखं. (तसं करायला एसटीत सक्त मनाई होती, आणि करणारे करायचेच.)

यावर आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या कट्ट्यात महिनाभर वाद झाला. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आमचे एक मित्र म्हणाले, "तुमचं उलटं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला निघालं की अमेरिका आपणहून समोरून येते. जाताना कमी वेळ लागायला हवा." ऐकायला बिनतोड. मी त्यांना कंडक्टर दाखवला. चालत्या गाडीत कंडक्टर मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत तिकिटं फाडत येतो आणि परत मागे जातो. गाडी साठच्या वेगानं पुढे जातेय म्हणून त्याला मागे जाताना कमी पावलं टाकावी लागतात का? गाडीबरोबर कंडक्टरही पुढे चाललेलाच असतो. तशी पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. फरक पडतो तो गाडीतल्या गाडीत वारा सुटला तर. मित्र चहा संपेपर्यंत गप्प बसले, मग म्हणाले, "पण अमेरिकेला एसटी जात नाही." हा त्यांचा शेवटचा मुद्दा.

अंतराचंही असंच. आपण १२,५०० छापलंत, ते बरोबर आहे, पण कुठल्या रस्त्यानं? मुलाच्या घरी थोरल्या नातीचा पृथ्वीचा गोल आहे. बाहेर बर्फ पडत होता, बाळ झोपलेलं होतं, मला काम नव्हतं. सौभाग्यवतींच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला. आधी गोलाच्या पोटाभोवती गुंडाळून मोजला, ९४ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. हा आकडा असा गोल कसा याचंही मला कुतूहल होतं. फ्रेंचांनी मीटर ठरवतानाच ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग धरला होता, म्हणून. तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मग नातीला मुंबईवर बोट धरायला लावलं आणि दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला.

माझी अपेक्षा होती की दोरा अरबस्तान, आफ्रिका करत सरळ डावीकडे जाईल, कारण शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसायचं. दोरा ताणला की तिथे राहीचना. घसरून वर सरकला तो अफगाणिस्तान, मॉस्कोच्या अंगावरून, स्वीडन-फिनलंडच्या मधून, आइसलंडच्या बाजूने, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात उतरला. साडेएकोणतीस सेंटिमीटर. ४२५ ने गुणा, साडेबारा हजार येतात. भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेवरून दोरा बोटांनी दाबून दाबून नेला तर साडेतेहतीस भरतो, म्हणजे सतराशे किलोमीटर जास्त. नात म्हणाली, "आबा, द बेंडी वन इज शॉर्टर!" म्हणजे वाकडा रस्ता जवळचा. मी तिला म्हटलं, बाळा, वाकडा नकाशा आहे, रस्ता सरळच आहे.

तर आपलं १२,५०० हे दोऱ्याचं अंतर. विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. समोरचा वारा चुकवायला ते बाजूने वळसा घेतं. शिवाय खाली कोणाची हद्द आहे हेही बघावं लागतं. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना ते पुन्हा बंद झालं. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या रशियावरून जात नाहीत. घाटात दरड कोसळली की आम्ही फळ्यावर 'मार्गात बदल' लिहायचो, तेच. दोऱ्याचं अंतर तसूभर बदलत नाही, पण प्रवाशाचा तास-दीड तास जातो.

आणि कधी लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे तर तुमच्या चौकटीत बसणारच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. सुमारे १५,३०० किलोमीटर, जुन्या मार्गापेक्षा १,४०० जास्त. वेळ साडेचौदा तास, जुन्या मार्गापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पाठीवर वारा घेण्यासाठी ते पूर्वेकडून गेलं, एवढंच. ड्युटी लावताना किलोमीटर वाढले म्हणून आम्ही कपाळाला आठ्या घातल्या असत्या, पण वेळ वाचली तर हरकत काय?

उरलेल्या एका तासाचं सांगायचं राहिलं. ५ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. मुलगा झोपेतून उठून आला आणि ओव्हनवरचं घड्याळ एक तास मागे करून निघाला. विचारलं तर म्हणाला, इकडे हिवाळ्यात घड्याळ मागे घेतात, आजपासून भारत साडेनऊ नाही, साडेदहा तास पुढे. मी गॅस बारीक केला, आत जाऊन पाकिटातला तो एजंटाचा कागद काढला. २४.२० मधून साडेदहा वजा. १३ तास ५० मिनिटं! तर कॉम्प्युटरचा आकडा खरा होता, पण येतानाचा. एजंटाने तोच जाण्यापुढेही उतरवला होता. माझा हरवलेला तास ओव्हनच्या घड्याळात सापडला, आणि चहा उतू गेला.

म्हणजे जाताना पावणेसोळा तास, येताना तेरा-पन्नास. तेच दोऱ्याचं अंतर. भागाकार करून पाहिला, जाताना सरासरी ताशी ७९४, येताना ९०४. तुम्ही छापलेले १४ तास हे येतानाचे. ते वाचून नाशिकचा जो कोणी मुलाला "चौदा तासांनी न्यायला ये" म्हणून कळवेल, त्याचा मुलगा विमानतळावर पावणेदोन तास पार्किंगचे पैसे भरत बसेल.

आणि नाशिककराचा प्रवास सहार विमानतळावर सुरू होत नाही, तो घराच्या कुलपापासून सुरू होतो. हे आमच्या जाण्याचं लॉगशीट. इंदिरानगरहून दुपारी ४.३० ला निघालो. पावसानं महामार्गाची चाळण झालेली. कसारा घाटात एक ट्रेलर आडवा, त्यात चाळीस मिनिटं. शहापूरला चहा. भिवंडी बायपासला मानकोलीजवळ गाड्या अशा उभ्या की चालक खाली उतरून पाय मोकळे करून आला. सहारला ९.४० ला पोचलो. सुमारे १७० किलोमीटरला पाच तास दहा मिनिटं, ताशी तेहतीस. लाल डब्याला या सरासरीवर मी मेमो दिला असता. मग रांगा, मग बसणं, १.३० ला विमान. तिकडे उतरून बाहेर पडायला एक तास पस्तीस मिनिटं, गाडीनं एडिसनला आणखी पस्तीस. घर ते घर सव्वीस तास पंचावन्न मिनिटं. येताना हाच हिशोब तेवीस तास चाळीस मिनिटं आला. चौदाचा आकडा या दोन्हींच्या आसपास कुठे दिसतो का पाहा.

ओझरचं विमानतळ जवळ आहे, तिथून दिल्लीला जाऊन पुढे जावं, असं पुष्कळजण म्हणतात. दोरा लावून पाहिला. ओझर–दिल्ली सुमारे हजार किलोमीटर, दिल्ली–न्यूअर्क पावणेबारा हजारांच्या आसपास. बेरीज मुंबईमार्गे जाण्याएवढीच येते, फरक पन्नास-शंभर किलोमीटरचा. तेव्हा अंतरावर वाद घालण्यात अर्थ नाही. दिल्लीत किती वेळ ताटकळावं लागतं, सामान थेट पुढे जातं की पुन्हा द्यावं लागतं, यावर सगळं ठरतं. कुंभमेळा तोंडावर आहे, ओझरबद्दल बातम्या रोज येतात, त्यात ही माहिती द्याल तर उपयोग होईल.

दुसऱ्याच्या चुका काढल्या, आता स्वतःची सांगतो. परतीच्या दिवशी सहारला न्यायला नाशिकहून गाडी सांगून ठेवली होती. चालक आमच्या ओळखीचा, सज्जन. मी त्याला कळवलं, "अठ्ठावीस तारखेला निघतोय, सकाळी पावणेबाराला उतरतोय." दोन्ही वाक्यं खरी. त्यांच्यामध्ये एक मध्यरात्र होती, ती मी सांगितली नाही. एडिसनमध्ये आम्ही गाढ झोपलेलो, रात्री एक वीसला फोन वाजला. नवजात बाळ रडायला लागलं, सून दचकली. मी फोन उचलला तर पलीकडून, "काका, आलोय. कोणत्या गेटला येऊ?" तो पहाटे सहाला नाशिकहून निघून, भिवंडी पार करून, सहारला बरोब्बर वेळेवर हजर होता. आम्ही अजून बॅगासुद्धा बांधल्या नव्हत्या. त्याला बिचाऱ्याला रिकामं परत जावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. भाडं अर्थातच दोनदा दिलं. कागदावर बारीक अक्षरात '+१' छापलेलं होतं, मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना तारखा नीट बघायला सांगत आलो आणि माझ्याच नजरेतून ते सुटलं.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा जाताना आणि येताना असे दोन रकाने करा. अंतरापुढे 'सरळ मापाने' एवढं लिहा. पोचण्याची तारीख बदलत असेल तर तीही ठळक अक्षरात द्या. जागेचा प्रश्न असेल तर शेजारचं साप्ताहिक राशिभविष्य दोन ओळींनी कमी करता येईल. माझ्या राशीला त्या आठवड्यात 'प्रवास सुखाचा' होता.

कळावे,
आपला,
एक निवृत्त एसटी वाहतूक नियंत्रक,
इंदिरानगर, नाशिक

ता. क. : तो चालक अजूनही आमच्याकडेच येतो. परवा पुण्याच्या लग्नाला जायचं म्हणून फोन केला, तर पहिला प्रश्न, "काका, ही निघायची तारीख का पोचायची?"